अत्तराचा फाया

सांगोला हे सोलापूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. येथे पाऊस कमी, पण डाळिंबाच्या बागा पुष्कळ. पहिल्या पावसात तापलेल्या मातीचा वास सुटला की माणसे दारात येऊन उभी राहतात. पंढरपूर जवळच आहे. तिकडून येणाऱ्या वारकऱ्यांच्या कपाळावरील बुक्क्याचा वास एस. टी. मध्ये दरवळतो. अशा गावात मी लहानाचा मोठा झालो. तरी वास कसा घ्यावा, हे मला कळले ते सातवीत असताना, माझ्या मामूंमुळे.

मामू जिद्दा शहरात ट्रक चालवत. तीन वर्षांनी ते ईदसाठी घरी आले. त्यांनी सर्वांसाठी काही ना काही आणले होते. माझ्यासाठी अंगठ्याएवढी एक कुपी होती. ईदच्या सकाळी त्यांनी काचेच्या काडीने एक थेंब माझ्या मनगटावर लावला.

"घे वास. हा ऊद आहे. अरब लोकांचे आवडते अत्तर!" मामू कौतुकाने म्हणाले.

मी मनगट नाकाजवळ नेले. भिजलेले चामडे, जुनी लाकडी पेटी, कडू औषध, असे सगळे वास एकदम आले. मी तोंड वाकडे केले.

"शी! हा कसला वास? यापेक्षा आपले गुलाबाचे अत्तर किती चांगले!"

मामूंचा चेहरा उतरला. "थोडा वेळ थांब, बेटा," एवढेच ते म्हणाले. पण मी थांबलो नाही. सरळ नळावर जाऊन हात साबणाने धुतला.

एक थेंब मात्र कुर्त्याच्या बाहीला लागला होता. नमाज झाली, गळाभेटी झाल्या. दुपारी शेजारच्या चाचींकडे शिरखुर्मा घेऊन गेलो. त्या म्हणाल्या, "किती छान अत्तर लावले आहेस रे!" मला आश्चर्य वाटले. मी बाही हुंगली. चामड्याचा वास केव्हाच गेला होता. आता तेथे गुळासारखा गोड आणि चंदनासारखा शांत सुगंध होता. दुसऱ्या दिवशी सकाळीही तो बाहीवर होताच. मामू मात्र रात्रीच्या गाडीने मुंबईला निघून गेले होते.

मी त्यांना पत्र लिहिले आणि माफी मागितली. त्यांचे उत्तर आले : "मलाही हे अत्तर पहिल्यांदा आवडले नव्हते. दुकानदाराने मनगटावर थेंब लावला आणि सांगितले, बाजारात फिरून या, मग ठरवा. मी अस्रच्या नमाजनंतर परत गेलो आणि कुपी विकत घेतली."

हे कसे घडते? अत्तर म्हणजे एकच पदार्थ नव्हे. त्यात अनेक सुगंधी पदार्थ मिसळलेले असतात. शाळा सुटली की लहान मुले धावत बाहेर पडतात आणि मोठी मुले सावकाश निघतात. अत्तराचेही तसेच आहे. हलके पदार्थ लवकर उडून जातात. त्यांचा वास पहिली काही मिनिटे येतो. मधले पदार्थ काही तास टिकतात. जड पदार्थ सर्वांत शेवटी उरतात. म्हणून सकाळचा वास आणि संध्याकाळचा वास वेगळा असतो. अंगाच्या उबेने ही क्रिया लवकर होते. कापडावर ती सावकाश होते.

ऊदाची गोष्ट तर अधिक नवलाची आहे. मराठीत ऊद म्हणजे धूप घालण्याचा राळेसारखा पदार्थ. अरबी ऊद म्हणजे अगरू. 'अगरबत्ती' हा शब्द त्यावरूनच आला. या झाडाचे निरोगी लाकूड फिकट असते. त्याला विशेष वास नसतो. झाडाला जखम झाली आणि तिच्यात बुरशी शिरली, की झाड स्वतःच्या बचावासाठी गडद राळ तयार करते. हीच राळ सुगंधी असते. हे झाड अरबस्तानात उगवत नाही. ते आपल्या आसाममध्ये आणि आग्नेय आशियात वाढते. फार तोड झाल्यामुळे जंगलातील झाडे कमी झाली. म्हणून १९९५ पासून आसाममधील जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे.

अरबांनी सुगंधाचे शास्त्र मन लावून वाढवले. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी या विद्वानाने अत्तरांवर ग्रंथ लिहिला. त्यात शंभराहून अधिक कृती आहेत. आपल्या देशात उत्तर प्रदेशातील कनौज हे गाव अत्तरासाठी प्रसिद्ध आहे. तेथे तांब्याच्या देगमध्ये फुले व पाणी घालून खाली जाळ लावतात. सुगंधी वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात येते आणि चंदनाच्या तेलात मुरते. भाजलेल्या मातीपासूनही तेथे अत्तर काढतात. पहिल्या पावसाचा आमच्या सांगोल्यातला वास जणू कुपीत भरलेला!

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. काही वेळाने नाकाला वासाची सवय होते. अत्तर उडून गेले असे आपल्याला वाटते, पण शेजारी बसलेल्याला वास येतच असतो. म्हणून पुन्हा पुन्हा अत्तर लावू नये. एक थेंब पुरे.

ती कुपी अजून माझ्याकडे आहे. दर ईदला मी तिच्यातील एक थेंब लावतो. पहिला वास आजही तसाच कडू येतो. पण आता मी हात धुवायला जात नाही.

शब्दार्थ
फाया – अत्तरात भिजवलेला कापसाचा बोळा
कुपी – लहान शीशी
दरवळणे – महकना
चेहरा उतरणे – उदास होना
हुंगणे – सूंघना
नवल – ताज्जुब
बुरशी – फफूंदी

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मामू कोणत्या शहरात काम करत?
(आ) 'अगरबत्ती' हा शब्द कशावरून आला?
(इ) कनौजमध्ये सुगंधी वाफ कशात मुरते?
२. कारणे लिहा.
(अ) मामूंचा चेहरा उतरला.
(आ) अत्तर पुन्हा पुन्हा लावू नये.
३. 'थोडा वेळ थांब, बेटा,' असे मामू का म्हणाले असतील? तुमच्या शब्दांत लिहा.
४. उपक्रम : कापसाच्या एका बोळ्यावर लिंबाच्या सालीचा रस व दुसऱ्यावर अत्तर लावा. दर तासाने वास घ्या आणि काय बदल झाला ते वहीत मराठीत लिहा.