घट्ट ऑइल सील कसं बसवायचं? जुन्या स्कूटरवरून एक पाठ

आज आपण तळहातावर मावणाऱ्या एका वस्तूचा अभ्यास करणार आहोत. तिचं नाव ऑइल सील.

आमचा एक माजी विद्यार्थी सांगलीकडचा. त्याच्या घरी आजोबांची प्रिया स्कूटर आहे. ती घेऊन तो कासला गेला होता. येताना साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात मागचा ब्रेक लागेना. पाय पूर्ण दाबला तरी चाक फिरतच होतं. पुढचा ब्रेक आणि खालचा गिअर यांवर त्याने गाडी कशीबशी खाली आणली. चाक खोललं तर ब्रेक शू तेलाने निथळत होते. गंमत म्हणजे सील आठच दिवसांपूर्वी नवीन टाकलेलं होतं. "सर, फार घट्ट होतं, म्हणून हातोडीनं ठोकून बसवलं," तो म्हणाला. चूक नेमकी तिथेच झाली होती.

थोडी पार्श्वभूमी

बजाज ऑटो आणि वेस्टर्न महाराष्ट्र डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन यांनी मिळून १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या साताऱ्याच्या कारखान्यात प्रिया तयार होत असे. प्रिया काय किंवा १९७२ ची चेतक काय, दोघींची मूळ घडण इटलीच्या व्हेस्पाची.

या गाड्यांना चेन नाही. मागचं चाक थेट गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या ॲक्सलवर बसतं. म्हणजे केसिंगच्या आत गिअर ऑइल आणि लगेच बाहेर ब्रेक. या दोघांमध्ये उभा असलेला एकमेव पहारेकरी म्हणजे ऑइल सील. तो हरला की तेल ब्रेकवर येतं.

ऑइल सीलची रचना

सीलचे तीन भाग लक्षात ठेवा.

१. बाहेरचं कडं: आत पोलादी पत्रा असतो. काही सीलमध्ये त्यावर रबर चढवलेलं असतं.
२. ओठ: आतल्या बाजूची रबराची पातळ धार. ही फिरत्या भागाला टेकते.
३. स्प्रिंग: ओठाभोवतीची बारीक गोल स्प्रिंग. ती ओठाला हलका दाब देते.

सीलवर ३०-४०-७ असे आकडे असले तर आतला व्यास ३०, बाहेरचा ४० आणि जाडी ७ मिलिमीटर.

आता महत्त्वाचा मुद्दा. सील बाहेरून घट्ट आणि आतून हलकं असतं. कडं केसिंगमध्ये जराही फिरता कामा नये, म्हणून ते मुद्दाम भोकापेक्षा किंचित मोठं करतात. ४० मिमीच्या भोकासाठी हा फरक साधारण ०.१ ते ०.३ मिमी असतो. यालाच आयटीआयमध्ये आपण इंटरफिअरन्स फिट म्हणतो. तेव्हा सील घट्ट जाणं हा दोष नाही, ते तसंच असायला हवं. पण ते तिरकं गेलं किंवा कडं वाकलं, की ओठ एका बाजूला जास्त दाबला जातो आणि दुसऱ्या बाजूला फट राहते. त्या फटीतून तेल येतं.

गरम केल्याने किती फरक पडतो?

केसिंग ॲल्युमिनियमचं आहे. ॲल्युमिनियमचा एकरेषीय प्रसरणांक प्रति अंश सेल्सिअस सुमारे ०.००००२३. केसिंग २५ अंशांवरून ८५ अंशांपर्यंत, म्हणजे ६० अंशांनी तापवलं तर:

४० × ०.००००२३ × ६० = ०.०५५ मिमी

म्हणजे ०.२ मिमीचा फरक असेल तर साधारण पाव भाग कमी झाला. मदत होते, पण सील आपोआप आत पडणार नाही. सील फ्रीजरमध्ये ठेवून ३० अंशांनी थंड केलं तर पोलादी कडं जेमतेम ०.०१४ मिमी आकसतं, शिवाय रबर कडक होतं. म्हणून केसिंग तापवा, सील नको. तेही हीट गनने. पेट्रोलच्या गाडीजवळ स्टोव्ह किंवा उघडी ज्योत कधीही वापरू नका.

कृती

१. इंजिन थंड होऊ द्या. चाक, ड्रम आणि ब्रेक शू काढा. ब्रेकची धूळ तोंडाने फुंकू नका; जुन्या शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.
२. जुनं सील कोणत्या बाजूने आणि किती खोल होतं ते बघून ठेवा. काही मॉडेलमध्ये पुढे सर्क्लिप असते, ती आधी काढा. सील उचकटताना बैठकीवर ओरखडा पडू देऊ नका.
३. बैठक चिंधीने पुसा. कडेला धार आली असेल तर बारीक पॉलिश पेपरने मोडा.
४. सीलचा ओठ जिथे टेकतो तिथे नख फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडली आहे. अशा जागी नवं सीलही टिकत नाही.
५. ओठाला थोडं ग्रीस आणि कड्याला तेलाचा हात लावा. ॲक्सलच्या दात्यांवर टेप गुंडाळा, नाहीतर ओठ कापला जाईल.
६. स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे.
७. दोन्ही अंगठ्यांनी सील सरळ टेकवा. मग सीलच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित लहान सॉकेट किंवा पाइपचा तुकडा फक्त कड्यावर ठेवून मॅलेटने हलके ठोके द्या. तिरकं झालं तर थांबा, काढा, पुन्हा सुरू करा.
८. चारही बाजूंची खोली व्हर्निअरने मोजा. ती सारखी हवी.
९. तेल प्यायलेले ब्रेक शू बदला. पेट्रोलने धुऊन परत लावू नका. ड्रम स्वच्छ करा आणि स्प्लिट पिन नवी टाका.

इतकं करूनही गळती राहिली तर गिअर ऑइल जास्त भरलंय का आणि ब्रीदरचं भोक बुजलंय का, ते बघा. आत दाब साठला तर चांगलं सीलही तेल सोडतं.

त्या मुलाने पुढचं सील स्वतः बसवलं. बैठकीच्या कडेला पूर्वीच्या स्क्रू ड्रायव्हरने उठलेली बारीक धार होती. ती घासल्यावर सील दहा-बारा हलक्या ठोक्यांत आत गेलं. पुढे गाडी फिरवून आल्यावर त्याने ड्रम पुन्हा उघडून पाहिला, तर शू कोरडे होते.

लक्षात ठेवा: सील जात नसेल तर जोर वाढवू नका, ते का जात नाही ते शोधा.

स्वाध्याय

१. सीलची स्प्रिंग तेलाच्या बाजूला का ठेवतात?
२. सीलच्या मध्यभागी ठोकल्यास काय होईल? आकृती काढून दाखवा.
३. ५० मिमी व्यासाचं ॲल्युमिनियमचं भोक ४० अंशांनी तापवल्यास किती मोठं होईल? (उत्तर: ०.०४६ मिमी)
४. उपक्रम: जवळच्या गॅरेजमधून एक निकामी सील आणा, कापून त्याचे तीन भाग ओळखा आणि ते का निकामी झालं असावं ते वहीत लिहा.