सेवामंडळ वाढते कसे?

कॅडेट मित्रांनो, उद्या तुम्ही महाविद्यालयात जाल. तेथे एखादे सेवामंडळ असेल, नसेल तर तुम्हीच सुरू कराल. पहिल्या वर्षी उत्साहाने पन्नास जण येतात. पुढाकार घेणारी दोन मुले पदवी घेऊन बाहेर पडली की तिसऱ्या वर्षी भिंतीवरचा फलक तेवढा उरतो. असे का होते आणि ते कसे टाळावे, हा आजचा धडा.

१. पाया

राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 37 विद्यापीठांत सुरू झाली. तेव्हा स्वयंसेवक सुमारे 40,000 होते. स्वयंसेवकाने वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240 तास काम करायचे आणि सात दिवसांच्या विशेष शिबिरात राहायचे, अशी तिची रचना आहे. या रचनेत दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, कार्यक्रम अधिकारी हा प्राध्यापक असतो. मुले बदलली तरी तो राहतो. दोन, गाव दत्तक घेतले जाते, म्हणजे दरवर्षी नवे गाव शोधायचे नसते. सातत्य येथून येते.

२. आवारातले सोबती

मंडळाने सगळे स्वतः करू नये. झाडे लावायची तर वनस्पतिशास्त्र विभागाला विचारा: या मातीत काय जगेल? रक्तदानासाठी रक्तपेढी, शिस्तीसाठी एनसीसी, हिशेबासाठी वाणिज्य शाखेची मुले. ज्याला आपल्या विषयाचे काम मिळते तो टिकतो. नुसते झाडू हातात दिलेला मुलगा दुसऱ्या रविवारी येत नाही.

३. गावातले सोबती

2016 साली पानी फाउंडेशनने वॉटर कप स्पर्धा वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत घेतली. तेथे आधी गावातल्याच माणसांना पाणलोटाचे प्रशिक्षण दिले. परत जाऊन त्यांनी गाव उभे केले, चर कोठे खणायचे ते ठरवले. पुढच्या वर्षांत शहरांतून लोक श्रमदानाला आले, तेव्हा काम आखलेले होते. पाहुण्यांनी फक्त हात लावले. हा क्रम उलटला की काय होते? पाहुणे रोपे लावून, फोटो काढून निघून जातात; मे महिन्यात पाणी कोणी घालायचे हे कोणालाच विचारलेले नसते. रोपे वाळतात. त्याहून वाईट म्हणजे पुढच्या वेळी गाव दार उघडत नाही.

४. एरचचा सराव

आपल्याच झाशी जिल्ह्यातले, बेतवाकाठचे एरच घ्या. प्राचीन एरकच्छ ते हेच. जुनी नाणी व लेख असलेल्या विटा येथे सापडल्या आहेत. प्रल्हाद आणि होलिका यांची कथा स्थानिक लोक याच गावाची मानतात. समजा, येथे सात दिवसांचे शिबिर घ्यायचे आहे. पहिल्या भेटीत कुदळ नेऊ नका, वही न्या. नगर पंचायतीत, शाळेत, महिला बचत गटात आणि नदीकाठच्या शेतकऱ्यांत बसून विचारा: तुमची अडचण कोणती? आम्ही गेल्यावर ती कोण पाहील? इतिहास विभाग सोबत असेल तर शाळेतल्या मुलांबरोबर गावच्या जुन्या खुणांची नोंद करता येईल. आपण मराठी घरचे, तेथे बोली बुंदेली. म्हणून बोलणे कमी आणि ऐकणे जास्त.

५. लक्षात ठेवा

- प्रत्येक कामाला गावातला एक आणि मंडळातला एक असे दोन जबाबदार हवेत.
- पदाधिकाऱ्याने आपल्यामागचा वारस वर्षभर आधी तयार करावा.
- दिलेला शब्द लहान असावा, पण पाळलेला असावा.
- वर्षअखेरीस किती कार्यक्रम झाले हे मोजू नका. मागच्या वर्षीचे काम आज चालू आहे का, ते जाऊन पाहा.

सैन्यात एक तुकडी दुसरीकडे ठाणे सोपवते तेव्हा नकाशा, नोंदवही आणि परिसराची माहिती रीतसर देते. सेवामंडळाचेही तसेच व्हावे.

स्वाध्याय

1. तुमच्या शाळेजवळच्या एका वस्तीत जा, तीन घरांत बोला आणि त्यांच्या शब्दांत त्यांची गरज लिहा.
2. ती भागवण्यासाठी शाळेतले दोन आणि वस्तीतले दोन सोबती कोण, ते ठरवा.
3. पालकांनो, सुट्टीत ही वही पाहा आणि एकच प्रश्न विचारा: तू नसशील तेव्हा हे काम कोण करील?