उन्हाळी कामे आणि मधुमेही शेतकरी

रब्बीची मळणी आटोपली की नांगरट, धसकटे वेचणे, पऱ्हाट्या उपटणे, उन्हाळी भुईमुगाला पाणी देणे ही कामे ऐन एप्रिल-मे महिन्यांत येतात. विदर्भ, मराठवाडा व खानदेशात या काळात पारा ४२ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. ज्या शेतकरी बंधू-भगिनींना मधुमेह आहे, त्यांच्या रक्तातील साखर या उन्हाने वाढू शकते, तशीच ती एकाएकी उतरूही शकते. दोन्हींची लक्षणे ऊन लागल्यासारखीच दिसतात आणि घोटाळा होतो तो येथेच.

रक्तातील साखर दर १०० मिलिलिटरला साधारणपणे १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडे ती लघवीवाटे बाहेर टाकू लागतात. साखर जाताना पाणीही ओढून नेते. त्यात घामाची भर पडली की शरीर कोरडे पडते, रक्त दाट होते व साखर आणखी चढते. म्हणून तहानेची वाट न पाहता कामाच्या वेळी थोड्या थोड्या वेळाने पाणी प्यावे. पातळ ताक किंवा बिनसाखरेचे लिंबूपाणी चालते. रक्तदाब असल्यास मीठ बेताचे घालावे. मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. उसाचा रस, गुळाचे पन्हे व बाटलीतील शीतपेये तहान भागवण्यासाठी घेऊ नयेत. आंब्याचे दिवस आहेत, मन आवरत नाही हे खरे. तरी रसाची वाटी न घेता एखाद-दुसरी फोड खावी आणि तेवढी पोळी कमी करावी.

साखर उतरणे हे त्याहून घाईचे संकट आहे. उन्हात कातडीखालचा रक्तप्रवाह वाढल्याने टोचलेले इन्सुलिन लवकर रक्तात उतरते. शिवाय कष्टाच्या कामात साखर खर्च होते. पहाटे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन, न्याहारी न करता नांगर धरणे म्हणजे संकट ओढवून घेणे होय. हातपाय थरथरणे, गार घाम, धडधड, कडकडून भूक आणि असंबद्ध बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी ‘ऊन लागले’ म्हणून नाकाशी कांदा धरण्यात वेळ घालवू नये. माणूस शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. १५ मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी व नंतर भाकरी खाऊ घालावी. साखर चढली की उतरली हे कळत नसेल, तरीही साखरच द्यावी. थोडी जास्त झाल्याने तेवढे बिघडत नाही, उतरलेली तशीच राहिली तर मेंदूला धोका असतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये, तडक दवाखान्यात न्यावे. खिशात साखरेची पुडी असावी आणि शेजारच्या वावरातल्या माणसाला आपल्या आजाराची कल्पना असावी.

इन्सुलिन कोठे ठेवावे?

न फोडलेली कुपी २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. वापरात असलेली बहुतेक इन्सुलिने २५ ते ३० अंशांच्या आत सुमारे चार आठवडे टिकतात. नेमकी मुदत वेष्टनावर पाहावी व कुपी फोडल्याची तारीख तिच्यावर लिहावी. घरी फ्रिज नसेल किंवा भारनियमन जास्त असेल, तर आपल्याच ओळखीचा उपाय आहे. भाजीपाला टिकवण्यासाठी नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला विटा व वाळूचा शून्य ऊर्जा शीतकक्ष अनेकांनी पाहिला असेल. तेच तत्त्व येथे वापरावे. कुंभाराकडून एकात एक बसतील अशी दोन बिनरंगाची मडकी आणावीत. मधल्या जागेत वाळू भरून ती सकाळ-संध्याकाळ भिजवावी. आतले मडके कोरडे ठेवून त्यात घट्ट झाकणाच्या डबीत कुपी ठेवावी, वर ओले फडके टाकावे. मडके सावलीत, वारा लागेल अशा जागी असावे. कोरड्या हवेत हा उपाय उत्तम चालतो. कोकणातील दमट हवेत पाणी उडत नसल्याने त्यावर फार विसंबू नये. आत एक साधा तापमापक ठेवला की शंका राहत नाही. या मडक्यात फ्रिजइतका गारवा येत नाही, म्हणून महिनाभराचा साठा घरी न आणता लागेल तशी एकेक कुपी आणावी.

बर्फाच्या कप्प्यात इन्सुलिन कधीही ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. मोटारसायकलच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोपटातही नको. उन्हाने बिघडलेले इन्सुलिन पुष्कळदा दिसायला चांगलेच असते. पथ्य नीट सांभाळूनही साखर चढू लागली, तर कुपीचाच संशय घ्यावा.

साखर तपासण्याच्या पट्ट्याही उन्हाने खराब होतात; त्या त्यांच्याच बंद डबीत सावलीला असाव्यात. तपासण्यापूर्वी हात धुवून कोरडे करावेत. आंबा किंवा ऊस हाताळलेल्या बोटाचा आकडा खोटाच वर येतो!

उलट्या-जुलाब झाल्यास जलसंजीवनी घेण्यास मधुमेहींनी कचरू नये. कोणत्या गोळ्या थांबवायच्या ते त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नये.

जुन्या मधुमेहात तळपायांची संवेदना कमी होते, मग तापलेल्या ढेकळांचा चटका कळतच नाही. बांधावरही अनवाणी जाऊ नये. रात्री पाय धुऊन, पुसून तळवे दिव्याखाली पाहावेत. स्वतःला दिसत नसतील तर घरातल्या कोणाला दाखवावेत, आणि फोड आढळल्यास तो न फोडता दवाखाना गाठावा.