शिष्यवृत्ती आहे, पण अर्ज कुठे आहे?

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत पेढे वाटले जातात. महिन्याभरात कॉलेजच्या फीचा आकडा हाती येतो आणि घरातले बोलणे बदलते. कुणी दागिने गहाण ठेवतो, कुणी पतपेढीचे कर्ज काढतो, तर कुणी मुलीला सांगतो, "इंजिनिअरिंग राहू दे, साधे बी.कॉम. कर." शिष्यवृत्तीचा विषय काढला तर एकच उत्तर मिळते : "आपण ओपनमध्ये. आपल्यासाठी काही नाही." हा समज चुकीचा आहे आणि त्याची किंमत आपली मुले मोजतात.

कोणकोणत्या वाटा आहेत?

१. उत्पन्न : राज्य सरकारच्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत खुल्या प्रवर्गातील मुलेही बसतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असावे. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्काचा किमान निम्मा भार यातून हलका होतो.

२. अल्पसंख्याक : ख्रिस्ती समाज अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित आहे. उच्च व व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची वेगळी शिष्यवृत्ती आहे. या दोन्ही योजनांचे अर्ज 'महाडीबीटी' संकेतस्थळावर भरतात.

३. गुण : बारावीला आपल्या बोर्डात वरच्या २० टक्क्यांत येणाऱ्या आणि ४.५ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्या घरांतील मुलांना केंद्र सरकार पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दर वर्षी १२ हजार रुपये देते. हा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर असतो.

४. मुली : तांत्रिक पदवी किंवा पदविकेला प्रवेश घेतलेल्या मुलींसाठी 'प्रगती' शिष्यवृत्ती आहे. वर्षाला ५० हजार रुपये, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, आणि एका घरातील दोन मुलींना ती मिळू शकते.

५. संशोधन : फेलोशिप म्हणजे संशोधन करणाऱ्याला दरमहा मिळणारे मानधन. एम.ए., एम.एस्सी. झाल्यावर 'नेट' परीक्षेतून कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७ हजार रुपये मिळतात. परदेशी जाणाऱ्यांसाठी १८९२ साली स्थापन झालेला जे. एन. टाटा एन्डाउमेंट निधी आहे. तो कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो, म्हणजे रक्कम पुढे फेडावी लागते. शास्त्रज्ञ जयंत नारळीकर हे टाटा स्कॉलर होते.

जुन्या माहितीवर मात्र विसंबू नका. अल्पसंख्याक संशोधकांसाठी असलेली मौलाना आझाद फेलोशिप बंद करत असल्याचे केंद्र सरकारने २०२२ मध्ये जाहीर केले. म्हणून दर वर्षी नियम, रक्कम आणि शेवटची तारीख संकेतस्थळावर स्वतः वाचावी.

अर्ज अडतो कुठे?

पहिली अडचण नावाची. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, गुणपत्रिकेवर दुसरे, आधार कार्डावर तिसरेच. आडनावातील एक अक्षर बदलले तरी अर्ज अडकू शकतो. ही दुरुस्ती दहावी-बारावीतच करून घ्यावी.

दुसरी अडचण कागदपत्रांची. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र काढायला दिवस लागतात. निकालाची वाट न पाहता आधीच अर्ज करावा. बँक खाते विद्यार्थ्याच्या नावे आणि आधारशी जोडलेले हवे, कारण पैसे थेट खात्यात येतात.

तिसरी अडचण कॉलेजच्या कार्यालयात. अर्ज भरला म्हणजे काम झाले असे नाही. कॉलेजने तो तपासून पुढे पाठवला नाही तर तो तिथेच राहतो. आठवड्याने जाऊन विनयाने विचारावे. त्यात कमीपणा नाही.

चौथी, नूतनीकरण. पहिल्या वर्षी मिळालेली शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षी आपोआप येत नाही. पुन्हा अर्ज करावा लागतो. हजेरी आणि गुणही पाहिले जातात.

आणखी दोन गोष्टी. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला राज्याच्या अशा योजना सहसा लागू होत नाहीत. प्रवेश घेण्यापूर्वीच विचारून घ्या. आणि "पैसे द्या, शिष्यवृत्ती मिळवून देतो" असे सांगणाऱ्यापासून दूर राहा. फोनवर आलेला ओटीपी कुणालाही सांगू नये.

शिष्यवृत्ती म्हणजे भीक नव्हे. ती जनतेच्या करांतून किंवा दात्यांच्या निधीतून शिकणाऱ्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम आहे. आपल्यातील ज्या तरुणांनी असे अर्ज भरले आहेत, त्यांनी शेजारच्या एका तरी मुलाजवळ बसून त्याचा अर्ज भरून द्यावा. आईवडिलांना संगणक येत नाही म्हणून एखाद्या हुशार मुलीचे शिक्षण थांबू नये.

घरी बोलण्यासाठी

१. आपल्या मुलांचे नाव सर्व कागदांवर सारखे आहे का?
२. वरीलपैकी कोणत्या योजनेत आपण बसतो?
३. आपल्या ओळखीत पैशांअभावी कुणाचे शिक्षण थांबले आहे? त्या घरी या आठवड्यात कोण जाईल?