डिएगो रिवेरा : यंत्रांचा आणि माणसांचा चित्रकार

इंजिनिअरिंग कॉलेजच्या मॅगझीनमध्ये चित्रकाराचं काय काम, असं तुम्ही म्हणाल. पण मेक्सिकोच्या या चित्रकाराने चक्क मोटारीचा कारखाना भिंतीवर उतरवला आहे. म्हणून त्याची ही ओळख.

रिवेराचा जन्म १८८६ चा, ग्वानाह्वातो शहरातला. मेक्सिको सिटीत शिकून तो १९०७ मध्ये युरोपला गेला. पॅरिसमध्ये त्याने क्युबिझमचे प्रयोग केले, इटलीत जुनी भित्तिचित्रे पाहिली. १९२१ मध्ये तो परतला तेव्हा देश नुकताच क्रांतीतून बाहेर पडला होता आणि बहुतेक लोकांना वाचता येत नव्हतं. शिक्षणमंत्री होसे वास्कोन्सेलोस यांनी सरकारी इमारतींच्या भिंतीच चित्रकारांच्या हवाली केल्या. रिवेराने त्यावर शेतकरी, खाणकामगार, बाजार, सण रंगवले. ठसठशीत गोलसर आकार आणि माणसांची दाट गर्दी ही त्याची शैली. प्रसिद्ध चित्रकार फ्रीडा काहलो हिच्याशी त्याने १९२९ मध्ये लग्न केलं.

त्याचं तंत्र फ्रेस्को. चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेला रंग लावायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, त्याचा कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि रंग त्यातच पक्का बसतो. म्हणजे आपली केमिस्ट्रीच! पण गिलावा वाळायच्या आत काम उरकावं लागतं. म्हणून एका दिवसात रंगवता येईल तेवढाच भाग लिंपायचा.

१९३२-३३ मध्ये त्याने डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयात २७ चित्रांची मालिका केली. पैसे दिले एडसेल फोर्डने. त्यासाठी रिवेराने फोर्डच्या रिव्हर रूज कारखान्यात जाऊन स्केचेस काढली. व्ही-एट इंजिन कसं तयार होतं ते त्यात दिसतं, आणि घाम गाळणारे कामगारही दिसतात. त्याच भिंतीवर वर एका बाजूला बाळाला लस टोचताहेत, तर दुसऱ्या बाजूला विषारी वायूचे बॉम्ब तयार होताहेत. विज्ञान एकच, वापर दोन! मला वाटतं, हे चित्र प्रत्येक इंजिनिअरने बघायला हवं.

पुढे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये त्याने लेनिनचा चेहरा रंगवला. मालकांनी तो काढायला सांगितला, रिवेरा ऐकेना. मालकांनी ठरलेले पैसे देऊन त्याचं काम थांबवलं आणि १९३४ मध्ये ते भित्तिचित्र फोडून टाकलं. पठ्ठ्याने त्याच वर्षी ते मेक्सिको सिटीत पुन्हा काढलं!

१९५७ मध्ये तो वारला, पण प्रभाव दूरवर पोचला होता. अमेरिकेत १९३० च्या दशकात सरकारी खर्चाने भित्तिचित्रे झाली, त्यामागे मेक्सिकोचंच उदाहरण होतं. आपले सतीश गुजराल १९५२ मध्ये मेक्सिकोला जाऊन रिवेरा आणि सिकेरोस यांच्याकडे शिकले.

आपण ड्रॉइंग हॉलमध्ये मशीनचे फ्रंट, टॉप, साइड असे तीन व्ह्यू काढतो. मशीनपाशी उभा असलेला माणूस त्यात कुठेच येत नाही. आणि त्या मशीनमधून शेवटी काय बाहेर पडणार, हेही शीटवर नसतं. रिवेराने या दोन्ही गोष्टी भिंतीवर काढून ठेवल्या आहेत. नोकरीला लागल्यावर त्या आपल्या लक्षात राहिल्या, तर बरं!