दोर तुटला तर?

मागे एका रविवारी आम्ही हॉस्टेलचे पाच-सहा जण बारवी धरण बघायला गेलो होतो. परत येताना बदलापूरला एका मित्राच्या घरी चहाला थांबलो. गच्चीतून मलंगगडाची डोंगररांग दिसत होती. मित्राच्या आजी तिकडे बघत म्हणाल्या, "तरुणपणी दोनदा चढले रे मलंगगड. आता गुडघे साथ देत नाहीत. ती ट्रॉली म्हणतात, ती भरवशाची असते का? दोर तुटला तर?"

मेकॅनिकलवाला म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मीही ऐटीत सांगून टाकलं, "आजी, काळजीच करू नका. दोन डबे असतात. एक खाली येतो तेव्हा दुसरा वर जातो. एक डबा दुसऱ्याला धरून ठेवतो."

आजींचं समाधान झालं. पण हॉस्टेलवर येऊन आकृती काढायला बसलो आणि कळलं, की आपण साफ चुकीचं उत्तर देऊन आलोय. हा लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती.

दोन पोहरे, एक दोर

ज्याला आपल्याकडे सगळे ट्रॉली म्हणतात, तिचं खरं नाव फ्युनिक्युलर रेल्वे. लॅटिनमध्ये 'फ्युनिक्युलस' म्हणजे दोरी. विहिरीच्या कप्पीवरून टाकलेल्या दोराच्या दोन्ही टोकांना दोन पोहरे बांधले, तर एक खाली जाताना दुसरा आपोआप वर येतो. तसंच इथे. उतारावर रूळ, वरच्या टोकाला मोठी कप्पी आणि दोराच्या दोन टोकांना दोन डबे. दोन्ही डब्यांची वजनं एकमेकांना तोलतात. उरतो तो फक्त प्रवाशांच्या वजनातला फरक आणि घर्षण. मोटरला तेवढंच ओढायचं असतं.

एकोणिसाव्या शतकात डोंगरउतारावर वसलेल्या युरोपातल्या शहरांनी ही युक्ती उचलली. फ्रान्समधल्या ल्यों शहरात 1862 साली खालच्या आणि वरच्या वस्तीला जोडणारी अशी गाडी सुरू झाली. क्रोएशियाच्या झाग्रेबमधली 1890 ची गाडी तर जेमतेम 66 मीटर लांबीची आहे! आपल्याकडे सप्तशृंगी गडावर 2018 साली फ्युनिक्युलर सुरू झाली आणि देवीच्या दर्शनासाठी पाचशेच्या आसपास पायऱ्या चढण्याचा त्रास वाचला. अंबरनाथ तालुक्यातल्या मलंगगडाची पायऱ्यांची वाट दीड-दोन तासांची. ज्यांना चढवत नाही ते डोलीतून जात. तिथल्या ट्रॉलीची वाट बघण्यात तर भाविकांची कित्येक वर्षं गेली.

मोटर नव्हती तेव्हा काय करत? तेव्हा पाणी वापरत. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं. तो जड झाला की खाली निघायचा आणि खालच्याला वर ओढायचा. खाली पोचला की टाकी रिकामी करायची. पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराजवळची 1882 ची गाडी अजूनही अशीच चालते. बारवीच्या भिंतीजवळ उभं राहून आपण जे उंचावर साठवलेलं पाणी बघतो, ती पोटेन्शियल एनर्जीच इथे इंजिनाचं काम करते.

लिस्बनची गाडी

पोर्तुगालची राजधानी लिस्बन. तिथल्या सखल भागाला वरच्या बैरो आल्तो वस्तीशी जोडणारी ग्लोरिया फ्युनिक्युलर 1885 साली सुरू झाली. तीही आधी पाण्यावर चालायची, पुढे तिचं विद्युतीकरण झालं. सुमारे पावणेतीनशे मीटरचा मार्ग. 3 सप्टेंबर 2025 च्या संध्याकाळी तिचा दोर डब्याशी जिथे जोडलेला असतो तिथे सुटला. वरचा डबा उतारावरून सुसाट खाली आला, वळणावर रुळावरून उतरून इमारतीवर आदळला. 16 माणसं गेली.

हे वाचलं आणि माझं उत्तर माझ्या तोंडावर आलं. दुसरा डबा धरून ठेवतो खरा, पण कशाने? त्याच दोराने! दोरच गेला तर दोन डबे एकमेकांचे कोणीच लागत नाहीत.

आता आकडे मांडू. रिकामा डबा सुमारे 14 टनांचा. चढ सरासरी 18 टक्के धरला, तर साइन थीटा येतो 0.177. म्हणजे एकटा डबा साधारण अडीच टनांच्या बलाने खाली खेचला जातो. आता दोर शाबूत आहे आणि एका डब्यात 20 प्रवासी जास्त आहेत असं समजा. 70 किलोच्या हिशेबाने 1400 किलो, गुणिले 0.177, म्हणजे सुमारे 250 किलो. मित्रांनो, फरक दहापटीचा आहे. रोज ब्रेकवर येतो तो 250 किलोंचा भार, आणि ज्या दिवशी खरी गरज लागते त्या दिवशी अडीच टनांचा.

ब्रेकच लागले नाहीत का मग? लागले होते. दोर सुटल्यावर चालकाने ब्रेक लावल्याचं तपास यंत्रणेने ऑक्टोबर 2025 मधल्या प्राथमिक अहवालात म्हटलं आहे. हिशेबही तेच सांगतो. सुमारे 170 मीटर उतार डबा विनाब्रेक घसरला असता, तर घर्षण सोडून वेग ताशी 87 किलोमीटरच्या आसपास गेला असता. प्रत्यक्षात तो 60 च्या घरात होता. म्हणजे निम्म्याहून जास्त ऊर्जा ब्रेक आणि घर्षणाने खाल्ली, पण डबा थांबवण्याएवढी ताकद त्या ब्रेकमध्ये नव्हती. अहवालाने आणखी दोन गोष्टी नोंदवल्या. बसवलेला दोर माणसं वाहणाऱ्या गाडीसाठी प्रमाणित नव्हता. आणि त्याच दिवशी सकाळी गाडीची पाहणी झाली होती, पण दोर सुटला ती जागा जोड खोलल्याशिवाय दिसणारी नव्हती.

बॅलन्स म्हणजे ब्रेक नव्हे

थोडक्यात काय, तर समतोलामुळे वीज वाचते, जीव वाचतोच असं नाही. जीव वाचवणारी वस्तू वेगळी लागते आणि तिने दोराच्या मदतीशिवाय काम करायला हवं. 1854 साली न्यू यॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस उचलत्या फळीवर स्वतः उभा राहिला आणि त्याने वरचा दोर कापायला लावला. दोराचा ताण जाताच स्प्रिंग सुटली, दोन्ही बाजूंचे दाते खाचांत अडकले आणि फळी जागच्या जागी थांबली. लिफ्टवर लोकांचा विश्वास बसला तो अशामुळे. आधुनिक फ्युनिक्युलरच्या डब्यांनाही असेच रूळ चिमट्यात धरणारे ब्रेक असतात. दोर सैल पडला किंवा वेग वाढला की ते आपोआप लागतात आणि भरलेला डबा एकट्याने पेलतात.

आपण व्हायवाला फॅक्टर ऑफ सेफ्टीची व्याख्या घडाघडा म्हणतो. पण 'हा भाग नाहीच असं धरलं तर काय होईल?' हा प्रश्न आपल्याला सबमिशनच्या घाईत सुचत नाही. तो कधीही कॉलेजला न गेलेल्या आजींना सुचला.

नंतर बदलापूरला गेलो तेव्हा आजींची माफी मागितली आणि खरं उत्तर सांगितलं. "डबा दुसऱ्या डब्याच्या नाही, स्वतःच्या ब्रेकच्या जिवावर थांबायला हवा. तसा ब्रेक असेल तर खुशाल बसा." आजींनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि तो ब्रेक चालतोय की नाही, हे कोण बघतं?"

उद्या नोकरीला लागल्यावर ते बघायचं काम आपल्यापैकीच कोणाकडे तरी येणार आहे.