घराला नवी कळा

भाद्रपद सरत येतो, पावसाचा जोर ओसरतो आणि घरातील माणसांचे लक्ष भिंतींकडे जाते. चार महिन्यांच्या ओलीने कोठे पोपडे सुटलेले असतात, कोठे हिरवट बुरशी धरलेली असते. चुलीकडची भिंत तर धुराने पार काळवंडलेली असते. दसरा-दिवाळी तोंडावर आलेली असते. ऐपत असलेला मनुष्य अशा वेळी रंगारी बोलावतो. परंतु महाराष्ट्रातील असंख्य घरांनी आपले रूप पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या हातांनीच पालटले आहे. त्यांना मुख्यतः दोन गोष्टी पुरल्या : भिंतीला चुना आणि अंथरुणा-पांघरुणाला सुईदोरा.

चुना दिसायला साधा. पण त्याची कथा नवलाची आहे. चुनखडीचा दगड भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला, की त्यातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि मागे कळीचा चुना उरतो. कोकणच्या किनाऱ्यावर दगडाऐवजी शिंपले भाजूनही चुना करीत असत. या कळीवर पाणी पडले, की ती खदखदते, वाफा सोडते, फुगते आणि ढासळून तिचे पीठ होते. मग चुना विरी गेला, असे म्हणतात. हा विरी गेलेला चुना पाण्यात कालवून भिंतीला लावला, की तो हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडीच होतो. म्हणजे चुना दिलेल्या भिंतीवर नुसता रंग बसत नाही, तर दगडाचा एक पातळ पापुद्रा चढतो! शिवाय ताजा चुना चांगलाच दाहक असल्यामुळे बुरशीला तो मानवत नाही.

याच दाहकतेमुळे चुना विरवण्याचे काम मोठ्या माणसांनीच करावे. पाणी उकळू लागेल एवढी उष्णता त्यातून निघते, आणि एखादा शिंतोडा डोळ्यांत गेला तर डोळा कायमचा अधू होऊ शकतो. तसे घडल्यास चोळत न बसता डोळा भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावा आणि ताबडतोब डॉक्टर गाठावा.

एक किलो कळीला साधारण पाच लिटर पाणी लागते. चुना एक दिवस तसाच मुरू द्यावा, मग जाड्याभरड्या कापडातून गाळून घ्यावा. हाताला लागू नये म्हणून त्यात डिंकाचे पाणी घालतात. पांढरेपणा खुलावा म्हणून थोडी नीळही घालतात; मात्र किलोभर चुन्याला तीन ग्रॅमपेक्षा अधिक नको, नाहीतर भिंती निळसर दिसू लागतात आणि शेजारीपाजारी हसतात.

खरे कष्ट चुना देण्यापूर्वीचे आहेत. सुटलेले पोपडे खरवडून काढावेत, खिळ्यांची भोके बुजवावीत, भिंत झाडून तिच्यावर पाणी शिंपडावे. मग कुंच्याने पहिला हात वरून खाली द्यावा आणि तो वाळल्यावर दुसरा आडवा. ओला चुना फिकट, जवळजवळ पारदर्शक दिसतो. नवखा माणूस त्यामुळे घाबरतो व दाट थर थापतो. तो थर मग सोलून पडतो. धीर धरला तर वाळता वाळता भिंत आपोआप पांढरीशुभ्र होते.

भिंत खरवडताना घराची ओळख होते, हा लाभ लहान नव्हे. छपराचे पाणी कोठून झिरपते, वाळवीची माती कोठवर चढली आहे, कोणती भेग गेल्या वर्षीपेक्षा रुंदावली आहे, हे कुंचा हातात धरणाऱ्यालाच कळते. जुन्या माती-चुन्याच्या भिंतीवर ऑइलपेंट चढवणाऱ्याला हे दिसत नाही. दोन दिवस भिंत चकचकीत दिसते. पण आतील ओलीला बाहेर पडायला वाट उरत नाही, आणि गिलावा आतल्या आत भुसभुशीत होतो. दोष झाकणे वेगळे आणि घर नवे करणे वेगळे.

मातीच्या घरांत चुन्याऐवजी पांढरी माती किंवा गेरू कालवून भिंती पोतारतात. डहाणू परिसरातील वारली लोकांच्या घरांत कुडाच्या भिंतीवर गेरूचा हात देऊन तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात. हे काम परंपरेने सुवासिनींचे. पुढे जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणि कापडावर आणली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. ज्या कलेला जगाने दाद दिली, तिचे माहेर घराची सारवलेली भिंत आहे.

आता सुईकडे वळू. नऊवारी लुगडे सुमारे आठ मीटर लांब असते. त्याच्या चार घड्या घातल्या, की दोन मीटर लांबीचा चौपदरी थर तयार होतो. एका माणसाच्या गोधडीला तो पुरतो. मध्ये फाटक्या धोतराचे, सदऱ्याचे तुकडे पसरतात, कडा आत मुडपतात आणि एका कोपऱ्यापासून धावदोरा घालीत जातात. दोन ओळींत दोन बोटांहून अधिक अंतर राहिले, तर पहिल्याच धुण्यात आतील चिंध्यांचा गोळा होतो. गोधडी ऊब देते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे, आणि मऊ लागते ती शेकडो वेळा धुतलेल्या सुतामुळे. नव्या कापडाची गोधडी तशी कधीच होत नाही.

हे काम मुलींचेच, अशी समजूत अजून पुष्कळ घरांत आहे. गावोगावी यंत्रावर बसणारे शिंपी पुरुषच असत, हे लोक सोयीने विसरतात. टाका सरळ घालायला आठ दिवसांचा सराव पुरतो, मग हात कोणाचाही असो.

गोधडी विरली तरी टाकून देत नाहीत. वर आणखी एक लुगडे घालून ती पुन्हा शिवतात. त्यामुळे एखादी जुनी वाकळ उसवून पाहिली, तर वर आईच्या लुगड्याचे काठ, त्याखाली आजीच्या इरकलीचा विटलेला निळा रंग आणि अगदी तळाशी कोणाचे ते आता कोणालाच न सांगता येणारे एखादे हातमागाचे कापड निघते.